क्राफ्टिंगला लगाम घालायचा, पण नेमका कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: स्कायरिम या ड्रॅगन आणि जादूच्या जगातल्या भूमिका करायच्या गेममध्ये तुमची लेव्हल ४६ झाली आहे. स्मिथिंग (लोहारकाम), एन्चांटिंग (वस्तूंवर जादू चढवणं) आणि अल्केमी (पोशन म्हणजे पिण्याची जादुई औषधं, आणि विषं बनवणं) ही क्राफ्टिंगची, म्हणजे वस्तू बनवण्याची, तिन्ही स्किल १०० वर, म्हणजे कमाल मर्यादेवर पोचली आहेत. आता ड्रॅगन दोन-तीन घावांत लोळतो. डिफिकल्टी थेट लेजेंडरी, म्हणजे सगळ्यात अवघड, केली, चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. तर ही तिन्ही स्किल पूर्ण सोडून नव्याने सुरुवात करावी, की कुठेतरी मर्यादा घालून हाच गेम पुढे खेळता येईल?

याच मालिकेतल्या मॉरोविंडपासून, म्हणजे २००२ पासून, मी हे गेम खेळत आले आहे, आणि स्वतःवर बंधनं घालून खेळणं हा माझा त्यातला सगळ्यात आवडता भाग आहे. उत्तर लांबणार आहे. कारण "स्मिथिंग सोडा" एवढं सांगून मी थांबले तर महिनाभरात तुम्ही पुन्हा याच जागी याल.

आधी एक तपासून बघा. एखाद्या थडग्यात शेवटचा शत्रू पाडल्यावर मागची मोठी पेटी तुम्ही उघडता, तेव्हा आत काय असेल याची उत्सुकता शेवटची कधी वाटली होती? माझा अंदाज, वीसेक लेव्हलपूर्वी. त्यानंतर पेटीत निघालेली प्रत्येक तलवार तुमच्या हातातल्या तलवारीपेक्षा कमीच असणार, हे तुम्हाला पेटी उघडण्याआधीच ठाऊक असतं. शत्रू सोपे झाल्याचं आपल्या लवकर लक्षात येतं, पण त्याआधी पेट्या मेलेल्या असतात. भूमिका करायच्या गेममध्ये धोका आणि बक्षीस एकाच दोरीला बांधलेले असतात. आपण घरी बसून जगातलं सगळ्यात भारी हत्यार बनवू शकलो, की बाहेर जायचं कारणच उरत नाही. मर्यादा घालताना म्हणूनच माझं पहिलं लक्ष पेटीकडे असतं. पेटी पुन्हा जिवंत झाली, की लढाई बहुतेक वेळा आपोआप सुधारते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मोकळेपणाने सांगते. तुम्ही तलवार-ढालवाले आहात की जादूगार, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्याने उत्तर बरंच बदलतं. मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले गेममधले बदल, वापरता की नाही, हेही माहीत नाही. मी मूळ गेम धरून चालते आहे. आणि तुम्हाला वस्तू बनवण्यातच आनंद असेल, भट्टीशेजारी उभं राहून संध्याकाळ घालवणं आवडत असेल, तर तो आनंद मारणारा नियम तुमच्या कामाचा नाही. मला तो आनंद आहे. म्हणूनच मी क्राफ्टिंग पूर्ण सोडण्याच्या बाजूची नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ही तीन स्किल एकेकटी घेतली तर बेताची आहेत. स्मिथिंग १०० वर नेऊन, योग्य पर्क (त्या स्किलमध्ये निवडून घ्यायच्या खास क्षमता) घेऊन, कुठल्याही बाहेरच्या मदतीशिवाय तलवारीला धार लावलीत तर ती 'लेजेंडरी' दर्जाची होते. चांगली होते, पण जग उलथवणारी नाही. एन्चांटिंग एकटं असेल तर चांगलं आहे, अल्केमी एकटी असेल तर उपयोगी आहे. गडबड होते ती तिघी एकमेकींना खाऊ घालू लागतात तेव्हा. फोर्टिफाय अल्केमीचे, म्हणजे अल्केमीचं बळ वाढवणारे, हातमोजे, अंगठी, हार आणि शिरस्त्राण घालायचं. त्याच्या जोरावर फोर्टिफाय एन्चांटिंगचं पोशन बनवायचं. ते पिऊन आणखी जोरकस अल्केमीचे हातमोजे करायचे. शेवटी याच पद्धतीने फोर्टिफाय स्मिथिंगचा पोशाख आणि पोशन तयार करायचं, दोन्ही एकाच वेळी वापरायचं आणि मग धार लावायच्या चाकापाशी जायचं. आवळा देऊन कोहळा काढायचा, आणि त्याच कोहळ्याच्या बदल्यात आणखी मोठा कोहळा.

इथे एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. 'लेजेंडरी' हे दर्जाच्या नावांतलं शेवटचं नाव आहे, पण त्यामागचा आकडा तिथे थांबत नाही. नाव तेच राहतं आणि डॅमेज, म्हणजे घावाचा जोर, वाढत जातो. त्यामुळे "माझी तलवार तर फक्त लेजेंडरी आहे" असं म्हणणाऱ्या दोघांच्या तलवारींत प्रचंड फरक असू शकतो. शिवाय धार लावून मिळणारी वाढ तलवार कुठल्या धातूची आहे यावर फारशी ठरत नाही. स्टीलच्या साध्या तलवारीचा मूळ डॅमेज ८, डेड्रिक या वरच्या दर्जाच्या तलवारीचा १४. नीट धार लावलेली स्टीलची तलवार पेटीतून निघालेल्या, धार न लावलेल्या डेड्रिक तलवारीला सहज मागे टाकते. पेटी मरते ती अशी.

चिलखताचंही तेच. स्कायरिममध्ये शत्रूच्या शारीरिक घावातला जास्तीत जास्त ८० टक्के भाग चिलखत अडवू शकतं. शिरस्त्राण, छाती, हातमोजे आणि बूट असे चारही भाग घातले असतील, तर स्क्रीनवर ५६७ हा आकडा आला की ती कमाल मर्यादा गाठली जाते. त्यापुढचा प्रत्येक आकडा वाया. तिघींच्या साखळीने हलकं चिलखतसुद्धा ५६७ च्या पार जातं. मग जड चिलखत घालून सावकाश चालणारा योद्धा आणि कातड्याचं चिलखत घालून पळणारा चोर यांच्यात संरक्षणाचा फरकच उरत नाही. वेगवेगळी पात्रं घडवण्याची सगळी गंमत त्या फरकात होती.

आता डिफिकल्टी वाढवून का भागलं नाही ते बघा. थोडं गणित आहे, पण सोपं आहे. २०१३ च्या १.९ पॅचने (गेमच्या सुधारणेने) आलेल्या लेजेंडरी पातळीवर तुम्ही दिलेला डॅमेज एक चतुर्थांश होतो आणि तुम्हाला बसणारा तिप्पट होतो. चिलखत ८० टक्क्यांवर असेल तर शत्रूच्या घावाचा पाचवा हिस्सा आत येतो. त्याची तिप्पट केली तर मूळ घावाच्या ६० टक्के. ॲडेप्ट पातळीवर, म्हणजे जिथे कुणालाच सूट नाही आणि दंडही नाही तिथे, ४० टक्के घाव अडवणारं मध्यम चिलखत घातलेल्या माणसालाही बरोबर ६० टक्केच लागतं. म्हणजे लेजेंडरीवर तुम्ही सोसत होतात ते ॲडेप्टवरच्या साध्या शिपायाइतकं. दुसरी बाजू बघा. एन्चांटिंग १०० वर, सगळे पर्क आणि ग्रँड सोल (जादू चढवायला लागणारा मोठ्यात मोठा आत्मा) असेल तर फोर्टिफाय वन-हँडेड, म्हणजे एका हाताच्या हत्यारांचा जोर वाढवणं, एका वस्तूवर ४० टक्के मिळतं. अंगठी, हार, हातमोजे, बूट अशा चार वस्तूंवर मिळून १६० टक्के. म्हणजे डॅमेज २.६ पट. तिघींच्या साखळीने धार लावून तलवार निदान दुप्पट करून घेतली, की पाचपटीच्या पुढे गेलात. चौपट कापणारी पातळी तुम्ही पाचपटीने भरून काढलीत.

दुखणं क्राफ्टिंगच्या आकड्यांत आणि उपाय शत्रूच्या आकड्यांवर, हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं. त्याहून वाईट म्हणजे लेजेंडरी पातळी तुम्हाला उलट क्राफ्टिंगकडेच ढकलते. चौथा हिस्सा डॅमेज देणारी तलवार घेऊन कुणाला खेळायचं आहे? प्रत्येक जण सुटका शोधतो, आणि सुटका ऐरणीपाशीच मिळते.

हे मी स्वतः करून पाहिलं आहे. एकदा मी तिन्ही स्किलना हात न लावण्याचा निश्चय केला आणि डिफिकल्टी लेजेंडरीवर ठेवली. मला वाटलं होतं की आता प्रत्येक लढाई जीवनमरणाची होईल. प्रत्यक्षात प्रत्येक लढाई लांबली, एवढंच. एका बँडिट चीफला (दरोडेखोरांच्या म्होरक्याला) पाडायला मी त्याच खांबाभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी तो पडला तेव्हा आनंद झालाच नाही, फक्त सुटल्यासारखं वाटलं. घाव चुकवणं, ढाल योग्य क्षणी वर करणं, पळून जाऊन दम घेणं, यांतलं काहीही मी जास्त चांगलं करत नव्हते. तेच जास्त वेळा करत होते. विसाव्या लेव्हलच्या आतच तो गेम सोडला. लांबलेली लढाई आणि अवघड लढाई यांतला फरक मला त्या वेळी अगदी नीट कळला. अवघड लढाईत एका चुकीची किंमत मोठी असते, पण शत्रूचीही चूक पकडता येते. लांबलेल्या लढाईत दोन्हीकडच्या चुकांना किंमत नसते.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला: डिफिकल्टी खाली आणा. ॲडेप्ट किंवा फार तर एक्स्पर्ट. एक्स्पर्टवर तुम्ही तीन चतुर्थांश डॅमेज देता आणि दीडपट सोसता. बंधनं पाळून खेळणाऱ्याला ते पुष्कळ होतं. कठीणपणा आकड्यांच्या पट्टीवरून काढून नियमांत आणा.

आता नियम. पहिला नियम बाकी सगळ्यांवर भारी आहे, आणि बाकीचे विसरलात तरी हा विसरू नका: तिन्ही स्किलमधले पूल तोडा. फोर्टिफाय स्मिथिंग, फोर्टिफाय एन्चांटिंग आणि फोर्टिफाय अल्केमी देणारी कुठलीही वस्तू अंगावर घालायची नाही, तसलं पोशन प्यायचं नाही. सापडलं तर विकायचं. यात फोर्टिफाय रेस्टोरेशनचं पोशनही धरा. मूळ गेममध्ये ते पिऊन अंगावरच्या वस्तू काढून पुन्हा घातल्या की त्यांची एन्चांटमेंट फुगते, आणि मग आकडे कुठल्या कुठे जातात. (अनधिकृत पॅच या नावाने ओळखला जाणारा मॉड ही पळवाट बुजवतो. तुमच्याकडे तो असेल तर ही काळजी नको.) हा एकच नियम पाळलात तर तिन्ही स्किल १०० वर नेली तरी गेम मोडत नाही. लोहार चांगला लोहार राहतो, पण तो देव होत नाही. क्राफ्टिंगची आवड असलेल्याला हाच नियम सगळ्यात जास्त मानवतो, कारण यात बनवण्याचं काहीच सोडावं लागत नाही.

दुसरा नियम माझा लाडका आहे. स्मिथिंगमध्ये ६० वर 'आर्केन ब्लॅकस्मिथ' नावाचा पर्क मिळतो. तो असेल तरच एन्चांट केलेल्या वस्तूला धार लावता येते किंवा चिलखत सुधारता येतं. तो पर्क घेऊ नका. एवढंच. मग काय होतं बघा. एका हातात तुम्ही स्वतः धार लावलेली साधी, चोख तलवार. दुसरीकडे पेटीतून निघालेली, आगीची एन्चांटमेंट असलेली तलवार, जिला तुम्ही चाकाला लावू शकत नाही. यांतली कुठली उचलायची? समोर बर्फातले ट्रोल असतील तर आग हवी, कारण ट्रोल आगीला कच्चे असतात. माणसांशी झुंजायचं असेल तर कदाचित चोख धार बरी. दोन्ही घेतल्या तर ओझं वाढलं. एका पर्कवर पाणी सोडलं की प्रत्येक पेटी पुन्हा प्रश्न विचारू लागते. एक पळवाट मात्र उरते: आधी धार लावायची आणि मग तीच तलवार एन्चांट करायची. ती बंद करायला माझा जोडनियम असा आहे, की स्वतः धार लावलेल्या वस्तूवर एन्चांटमेंट चढवायची नाही. लोहारकाम एका वस्तूवर, जादू दुसऱ्या वस्तूवर.

तिसरा नियम वेगाबद्दल. स्कायरिममध्ये कुठलंही स्किल वाढलं तरी पात्राची लेव्हल वाढते, आणि बरेचसे शत्रू तुमच्या लेव्हलकडे बघून येतात. भट्टीपाशी उभं राहून दागिने घडवत स्मिथिंग १०० वर नेलं की लेव्हल चढते, पण तलवार चालवण्याचं स्किल तिथेच. पात्र आतून कोवळं आणि अंगावरचा पोशाख अफाट. नाकापेक्षा मोती जड. पूर्वी लोखंडी खंजिरांचा ढीग घालून स्मिथिंग वाढवता यायचं. पुढे एका पॅचने स्किलची वाढ वस्तूच्या किमतीशी जोडली, तेव्हा लोक खंजिरांवरून सोन्याच्या अंगठ्यांवर गेले. ट्रान्सम्यूट मंत्राने लोखंडाच्या खनिजाची चांदी आणि चांदीचं सोनं होतं, त्यामुळे त्यालाही खर्च फारसा येत नाही. माझा नियम: क्राफ्टिंगचं कुठलंही स्किल माझ्या मुख्य लढाऊ स्किलच्या पुढे जाता कामा नये. वन-हँडेड ४२ असेल तर स्मिथिंग ४२ ला थांबतं. पुढे न्यायचं असेल तर आधी मैदानात जाऊन हात चालवा. यामुळे भट्टीपाशी जाण्याला लय येते: मोहीम, परत येणं, दोन वस्तू बनवणं, पुन्हा मोहीम. सलग दोनशे अंगठ्या करण्याची संध्याकाळ येतच नाही, आणि मला तर ती कधीच आवडली नव्हती.

चौथा, सामानाबद्दल. धातूच्या विटा, कातडं, सोल जेम (एन्चांटिंगला लागणारे, आत्मे साठवणारे खडे) दुकानातून विकत घ्यायचे नाहीत. खाणीत खणलेलं, शत्रूकडून मिळालेलं, शिकार करून आणलेलं तेवढंच वापरायचं. दुकानांचा माल गेममधल्या ४८ तासांनी पुन्हा भरतो. दुकानाबाहेर थांबा बटण दाबून दोन दिवस घालवले की पुन्हा विटा तयार. तो रस्ता बंद केला की एबनी या भारी धातूचा एकेक तुकडा मोलाचा होतो. ढालीला लावू की तलवारीला, असा विचार करत मी कितीदा तरी बसले आहे, आणि तसा विचार करायला लावणारा गेम मला हवा असतो.

अल्केमीला वेगळा न्याय लावावा लागतो, कारण तिची अडचण निराळी आहे. गेम थांबवून मेनूत जायचं, आठ पोशन एकापाठोपाठ प्यायची, परत यायचं. मरायच्या क्षणी काळ थांबवता येत असेल तर मरण येणार कसं? माझा नियम: लढाई सुरू झाली की मेनू उघडायचा नाही. फेव्हरिट्समध्ये, म्हणजे पटकन उघडणाऱ्या छोट्या यादीत, जीव भरणारं एकच पोशन, आणि एका लढाईत ते एकदाच. लढाईआधी मात्र हवी तेवढी तयारी करा. विष लावा, आगीला प्रतिकार करणारं पोशन प्या. कॅनिस रूट आणि इम्प स्टूल घोटून केलेलं पॅरॅलिसिसचं विष मी आनंदाने वापरते, कारण ते पुढच्या एकाच घावापुरतं असतं, आणि धनुष्याला लावलं असेल तर बाण चुकला की विष वाया जातं. यात धोका आणि बक्षीस दोन्ही आहे. सहजी न सुटणारी एक गोष्ट म्हणजे पोशन विकणं. जायंट्स टो, म्हणजे राक्षसाच्या पायाचं बोट, घालून केलेली पोशन एवढी महाग जातात की पैशाची चणचण कायमची संपते. मग प्रत्येक लेव्हलला शिक्षकाकडून पाचही धडे विकत घेता येतात. बनवा, वापरा, पण विकू नका.

एवढं थांबून पुन्हा एका ओळीत सांगते: पूल तोडा, आर्केन ब्लॅकस्मिथ सोडा, क्राफ्टिंगला लढाऊ स्किलच्या मागे ठेवा, सामान स्वतः आणा, लढाईत मेनू उघडू नका. यांतले पहिले दोन सगळ्यांसाठी, बाकीचे आवडीप्रमाणे. पाचही एकदम लावू नका.

जादूगार असाल तर मात्र थांबा. तुमचं दुखणं उलटं आहे. डिस्ट्रक्शनच्या, म्हणजे मारक, मंत्रांना धार लावता येत नाही; एन्चांटमेंटने त्यांचा डॅमेज वाढत नाही, फक्त मॅजिकाचा (मंत्रशक्तीचा) खर्च कमी होतो. एका वस्तूवर २५ टक्के, चार वस्तूंवर १०० टक्के, म्हणजे मंत्र फुकट. लेजेंडरीवर मंत्रांचा जोर चौथाई होतो आणि मॅजिका लगेच संपते, त्यामुळे जादूगार अगदी नाइलाजाने त्या १०० टक्क्यांकडे जातो. आणि तिथे पोचला की मॅजिका नावाची गोष्टच गेममधून उठते. मंत्र कधी टाकावा, कधी राखावा हा विचार संपतो. एन्चांटिंगमध्ये १०० वर 'एक्स्ट्रा इफेक्ट' पर्क घेतला की एका वस्तूवर दोन एन्चांटमेंट बसतात, म्हणजे त्याच चार वस्तूंत दोन प्रकारची जादू फुकट. जादूगाराला माझं सांगणं असं: डिफिकल्टी ॲडेप्टवर ठेवा, एन्चांटिंग खुशाल करा, पण एका प्रकारच्या जादूचा खर्च ५० टक्क्यांहून खाली नेऊ नका. आर्केन ब्लॅकस्मिथबद्दलचं वरचं सगळं तुम्हाला फारसं लागू नाही.

चोर आणि तिरंदाज असाल तर आणखी एक प्रामाणिक सूचना. लपून मारलेला खंजीर 'असॅसिन्स ब्लेड' पर्कने १५ पट लागतो. क्राफ्टिंग शून्यावर ठेवलंत तरी १५ पटीपुढे बँडिट चीफ टिकणार नाही. तुमची लेव्हल ४६ लपूनछपून झाली असेल तर क्राफ्टिंगवर सगळा दोष टाकू नका. त्या पर्कचाही विचार करा.

ही गाठ फक्त स्कायरिमची नाही. मॉरोविंडमध्ये इंटेलिजन्स वाढवणारं पोशन प्यायचं, वाढलेल्या इंटेलिजन्सने त्याहून जोरकस तेच पोशन करायचं, असं वर्तुळ होतं आणि त्याला अंतच नव्हता. याच मालिकेतल्या ओब्लिव्हियनमध्ये, २००६ साली, कमेलियनच्या पाच वस्तू अंगावर घालून १०० टक्के अदृश्य होता यायचं, आणि शत्रू शेजारी उभा राहून मार खायचा. दोन्हीकडे गडबड कुठे होती? एका वस्तूच्या ताकदीत नव्हती. बनवलेली गोष्ट बनवणाऱ्याचीच ताकद वाढवते, किंवा एकाच गुणाची बेरीज न थांबता होत राहते, तिथे होती. याउलट द विचर ३ बघा. तिथे तलवार दुसरा लोहार घडवतो, तुम्ही फक्त आराखडा आणि सामान शोधून आणता, आणि तलवारीला लेव्हलची अट असते. पोशन एकदा बनवलं की ध्यानाला बसल्यावर दारूने पुन्हा भरतं, पण विषारीपणाची पट्टी तुम्हाला किती प्यायचं ते सांगते. तिथे मी स्वतःवर कुठलंही बंधन घालत नाही, कारण ते काम गेमच करतो. डार्क सोल्समध्ये हत्याराला +१५ पर्यंत नेता येतं, पण शेवटच्या पायरीला लागणारा टायटनाइट स्लॅब इतका दुर्मीळ असतो की निवड करावीच लागते. माझा चौथा नियम मी तिथूनच उचलला. नवा गेम हातात घेतला की मी पहिल्यांदा हेच शोधते: इथे वर्तुळ कुठे बंद होतंय? तिथे कात्री लावायची, बाकी सगळं मोकळं सोडायचं.

नियम पाळण्याबद्दल दोन शब्द. गेम सुरू करण्याआधी कागदावर लिहा. नियम बदलायचा असेल तर मोहिमेच्या मध्ये नाही, घरी आल्यावर. गुहेत, जीव कमी असताना, समोर शत्रू असताना सुचलेली सवलत कधीच खरी नसते. पण नियम जाचू लागला तर बदलाच. मी सामानाचा नियम कित्येकदा सैल केला आहे, कारण एखाद्या पात्राला शिकारीचा कंटाळा शोभतो. आणि दर लढाईला इच्छाशक्ती पणाला लावणारा नियम करू नका. "जास्त शक्तिशाली वस्तू वापरणार नाही" हा नियम टिकत नाही, कारण जास्त म्हणजे किती हे रोज नव्याने ठरवावं लागतं. "तो पर्क घेणार नाही" हे एकदाच ठरतं.

आता तुमच्या ४६ व्या लेव्हलचं काय करायचं? नव्याने सुरू करण्याची गरज नाही. ज्या १.९ पॅचने लेजेंडरी पातळी आणली, त्यानेच १०० वर पोचलेलं स्किल 'लेजेंडरी' करण्याची सोय दिली. स्किलच्या पडद्यावर ती केली की स्किल १५ वर येतं आणि त्यातले सगळे पर्क पॉइंट परत मिळतात. तिन्ही क्राफ्टिंग स्किलना ते करा. परत मिळालेले पॉइंट ब्लॉक, रेस्टोरेशन, स्पीच, जिथे मन असेल तिथे घाला, पण या तिघींत परत टाकण्याची घाई करू नका. बनवलेल्या वस्तूंची ताकद स्किल उतरलं तरी कमी होत नाही, त्यामुळे त्या सगळ्या एका पेटीत ठेवा आणि पेटी तुमच्या घरी राहू द्या. विकू नका, वर्षभर घातलेल्या मेहनतीचं ते स्मारक आहे.

मग दुकानातून नाही, जमिनीवरून किंवा शत्रूच्या हातून मिळालेली पहिली बरी तलवार उचला, डिफिकल्टी ॲडेप्टवर आणा, आणि ड्रॉगर (जिवंत झालेली प्रेतं) असलेल्या ज्या थडग्यात तुम्ही अजून गेला नसाल तिथे जा. ड्रॉगर डेथलॉर्ड ओरडून तुमच्या हातातलं हत्यार उडवतो हे तुम्हाला माहीत असेलच. आजवर ते उडालं तर तुम्ही हाताने मारूनही जिंकला असता. या वेळी ती तलवार अंधारात कुठे पडली हे शोधत तुम्ही पळाल, कारण तशी दुसरी तुमच्याकडे नाही आणि बनवताही येणार नाही. तिथून बाहेर पडलात की मला जरूर लिहा, मागच्या पेटीत काय निघालं ते.